डबीतला क्रॉस, पट्टीवरचा क्रॉस: स्टुटगार्टच्या एका सन्मानचिन्ह-संचाचे प्रकरण

पार्श्वभूमी

"दादा, तुम्ही जुनी जर्मन सन्मानचिन्हं गोळा करता ना? सासूबाईंच्या कपाटात एक डबा निघालाय. फ्लॅट तीन आठवड्यांत रिकामा करून द्यायचाय. तेवढ्यात या डब्याचं काय करायचं ते ठरवायला हवं."

फोनवरच्या ताई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन स्टुटगार्टजवळ स्थायिक झालेल्या. सासूबाई नव्वदीच्या, नुकत्याच वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या. डबा त्यांच्या वडिलांचा. ते पहिल्या महायुद्धात, स्टुटगार्ट ज्याची राजधानी त्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या पायदळात लेफ्टनंट होते, पुढे शाळामास्तर झाले आणि १९५० च्या दशकात वारले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून मी नावे वगळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

या छंदात ज्यांनी कधी डोकावले नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगतो. १८७१ ते १९१८ चे जर्मन साम्राज्य २५ राज्यांचे होते आणि त्यातल्या राजेरजवाड्यांच्या आपापल्या ऑर्डरी, म्हणजे राजाने द्यायचे मानाचे किताब आणि त्यांची चिन्हे, होत्या. या प्रथेचे मूळ धर्मयुद्धांच्या काळातल्या सरदारांच्या संघांत आहे. सेंट जॉनचे योहानिटर किंवा ११९० मध्ये अक्का या पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या शहरात सुरू झालेली डॉइचर ऑर्डेन ही त्यांची उदाहरणे. पुढे राजांनी तीच कल्पना आपल्या दरबारासाठी उचलली. प्रशियाचा काळा गरुड १७०१ चा, सॅक्सनीची सेंट हेन्री लष्करी ऑर्डर १७३६ ची, फ्रेडरिक द ग्रेटची 'पूर ल मेरीत' १७४० ची, बव्हेरियाची माक्स योसेफ १८०६ ची, व्युर्टेम्बर्गची फ्रीडरिख ऑर्डर १८३० ची. लोखंडी क्रॉस खरे तर ऑर्डर नव्हेच. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी १० मार्च १८१३ रोजी सुरू झालेले ते मानचिन्ह शिपायापासून सेनापतीपर्यंत कोणालाही मिळू शके, आणि त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. १९१८ मध्ये सिंहासने गेली आणि नव्या प्रजासत्ताकाच्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमाने राज्याने ऑर्डरी देण्यावर बंदीच घातली. राजेरजवाड्यांच्या या ऑर्डरींत त्यामुळे नवे काही तयार होत नाही. आहे ते जपायचे, आणि त्यात नकली मिसळू द्यायचे नाही.

डब्यात काय होते

सगळ्यांत वर पाच सन्मानचिन्हांची पट्टी होती, जर्मनमध्ये जिला ऑर्डेन्सश्नाले म्हणतात. डावीकडून १९१४ चा दुसऱ्या वर्गाचा लोखंडी क्रॉस, मग तलवारींसह प्रशियाच्या होहेनझोलर्न राजघराण्याच्या ऑर्डरचा नाइट क्रॉस, निळ्या फितीवर तलवारींसह फ्रीडरिख ऑर्डर, मग ज्याला सगळे हिंडेनबर्ग क्रॉस म्हणतात ते १९३४ चे महायुद्ध-मानचिन्ह, आणि शेवटी १९३८ मध्ये सुरू झालेले सरकारी नोकरीच्या २५ वर्षांचे पदक. या शेवटच्याच्या मधोमध नाझी राजवटीचे स्वस्तिक.

पट्टीखाली पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रॉस सुटा होता. त्याच्याखाली एक काळी डबी, आणि डबीत होहेनझोलर्नचाच दुसरा क्रॉस! शिवाय स्टुडिओत काढलेला एक फोटो आणि रिबिनीत बांधलेली काही पत्रे.

होहेनझोलर्न क्रॉस ज्यांनी हातात घेतला नसेल त्यांना तो कसा दिसतो ते सांगतो, कारण पुढचे सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरते. पांढऱ्या मीनाकामाचा क्रॉस, त्याला काळी किनार. चार भुजांच्या मधून हिरवी पाने डोकावतात, एका बाजूला ओकची आणि दुसऱ्या बाजूला लॉरेलची. मध्यभागी प्रशियाचा गरुड आणि त्याच्याभोवती निळ्या कड्यात सोनेरी अक्षरांत घराण्याचे ब्रीद, 'खडकापासून समुद्रापर्यंत'. मागे दोन तलवारी, वर मुकुट. पहिल्या महायुद्धात कनिष्ठ अधिकाऱ्याला लोखंडी क्रॉसच्या वर आणि 'पूर ल मेरीत'च्या खाली असा हा सन्मान मिळे. प्रशियाचा राजा तोच कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, असल्यामुळे व्युर्टेम्बर्गच्या अधिकाऱ्यालाही तो मिळू शकत होता.

अडचण

मी पोचायच्या आधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या.

पहिली अशी. घर रिकामे करायला आलेल्या माणसाच्या ओळखीचा एक व्यापारी येऊन गेला होता. पट्टी हातात घेऊन त्याने दोन मिनिटांत निकाल दिला की होहेनझोलर्न क्रॉस नक्कल आहे. कारणे दोन सांगितली. खरा क्रॉस सोन्याचा असतो आणि हा मुलामा दिलेला आहे. शिवाय प्रशियाच्या ऑर्डरी धारक वारला की सरकारजमा होत, तेव्हा घरात राहिलेला क्रॉस खरा असूच शकत नाही. सगळ्या डब्याचे मिळून त्याने ४०० युरो देऊ केले.

दुसरी गोष्ट ऐकून माझ्या पोटात कालवले. ताईंच्या दिरांनी सुटा लोखंडी क्रॉस चांदीच्या पॉलिशने घासून लखलखीत केला होता. या क्रॉसचा गाभा बिडाचा, काळ्या रंगाचा, आणि त्याभोवती चांदीची चौकट झाळलेली. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक मण्यांची ओळ असते आणि त्या मण्यांवर मुळात एक मंद, दाणेदार पांढुरकेपणा असतो. शंभर वर्षांत त्याच्यावर करडी झाक चढते आणि दोन्ही मिळून काळ सांगतात. आता मणी आरशासारखे चमकत होते, बोळा कडेवरून गेला तिथे काळा रंग निघून तांबूस लोखंड दिसत होते, आणि कोपऱ्यांत पॉलिशची पांढरी भुकटी अडकली होती. हेतू चांगला होता. झालेले नुकसान मात्र भरून येणारे नव्हते.

मी आल्यावर तिसरी भर पडली. नणंदेने डबीतल्या क्रॉसचा फोटो इंटरनेटवर टाकला होता. एकाने त्या एकट्या क्रॉसचे ९०० युरो देण्याची तयारी दाखवली. बाकीचे त्याला नको होते.

म्हणजे प्रश्न तीन होते. पट्टीवरचा क्रॉस खरा की नकली? संच एकत्र ठेवायचा की विकायला सोयीचा म्हणून तोडायचा? आणि स्वस्तिकाच्या पदकाचे काय करायचे? हाताशी होते १९ दिवस.

समोरचे पर्याय

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून आम्ही चार वाटा कागदावर लिहिल्या. व्यापाऱ्याला सगळे देऊन मोकळे व्हायचे. डबीतला क्रॉस विकायचा आणि बाकी तिन्ही भावंडांनी वाटून घ्यायचे. सगळे एक लॉट म्हणून लिलावाला द्यायचे. किंवा सगळे एखाद्या संग्रहालयाला द्यायचे.

माझे मत मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले: संच तोडू नका. सुटा होहेनझोलर्न क्रॉस म्हणजे एका कारागिराचे उत्तम काम. तोच क्रॉस नावासकट, फोटोसकट, शेजारच्या फितींसकट असला की तो एका माणसाचे आयुष्य होतो. एकदा पट्टी उसवली की ती पुन्हा जशीच्या तशी शिवता येत नाही, आणि पुन्हा शिवलेल्या पट्टीवर कोणी विश्वासही ठेवत नाही. पण मी बाहेरचा होतो. वृद्धाश्रमाचा खर्च त्यांना होता, मला नव्हता. हे मला तेव्हाही कळत होते, म्हणून मी एवढेच मागितले की तपास पुरा होईपर्यंत काही विकायचे नाही आणि कशालाही पॉलिश लावायचे नाही. व्यापाऱ्याचा पर्याय त्याच संध्याकाळी बाद झाला.

तपास

धातूपासून सुरुवात केली. डबीतल्या क्रॉसच्या कडेवर भिंगातून दोन ठसे स्पष्ट दिसले, ९३८ हा आकडा आणि डब्ल्यू हे अक्षर. ९३८ म्हणजे चांदीची शुद्धता, हजारात ९३८ भाग. डब्ल्यू म्हणजे बर्लिनची वाग्नर ही पेढी, जी प्रशियाच्या राजासाठी ऑर्डरी घडवत असे. पट्टीवरच्या क्रॉसवर ठसा नव्हता. तो थोडा पातळ होता, पानांचे कोरीवकामही उथळ होते, आणि दोन्ही क्रॉसना मुलामाच होता. व्यापाऱ्याच्या हिशेबाने दोन्ही नकली ठरले असते.

पण सोन्याचा तो नियम अर्धाच खरा. युद्ध लांबत गेले तशी जर्मनीत सोन्याची टंचाई झाली. 'लोखंडासाठी सोने दिले' म्हणत लोकांनी लग्नाच्या अंगठ्यासुद्धा दिल्या, आणि १९१६ च्या अखेरीपासून प्रशियाच्या ऑर्डरी सोन्याऐवजी मुलामा दिलेल्या चांदीत घडू लागल्या. त्यामुळे क्रॉस कधी मिळाला हे कळल्याशिवाय 'सोने नाही म्हणून नकली' असे म्हणण्यात अर्थ नव्हता. १९१८ च्या प्रदानाचा क्रॉस सोन्याचा निघाला असता, तर उलट मलाच शंका आली असती.

तारीख शोधायला आम्ही स्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात गेलो. इथे कुटुंबाचे नशीब जोरावर होते. प्रशियाच्या सैन्याचे दप्तर पॉट्सडाममध्ये होते आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातले बहुतेक जळून गेले. प्रशियाच्या अधिकाऱ्याचा माग काढणाऱ्यांना म्हणून जुन्या छापील याद्या आणि वर्तमानपत्रे चाळावी लागतात. व्युर्टेम्बर्गचे दप्तर मात्र स्टुटगार्टमध्ये, बव्हेरियाचे म्युनिकमध्ये आणि सॅक्सनीचे ड्रेस्डेनमध्ये बरेचसे शाबूत आहे. अर्ज केल्यावर दहाव्या दिवशी आमच्यापुढे एक फिकट फाइल आली. आतल्या पानावर लांब, तिरप्या जर्मन हस्ताक्षरात सन्मानांची यादी होती आणि तिच्यात होहेनझोलर्न ऑर्डरसमोर तारीख होती मे १९१८. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि फोटो काढून लगेच नवऱ्याला पाठवला.

डबीतल्या क्रॉसचा प्रश्न सुटला. तारीख, धातू आणि ठसा तिन्ही जुळले. राहिला तो पट्टीवरचा.

पट्टी उलटी करून मी तिच्याजवळ बराच वेळ बसलो. मागे करड्या लोकरीचे कापड, हाताने घातलेले टाके, टाचणीजवळ गंजाचा डाग कापडात मुरलेला. अतिनील दिव्याखाली धागा आणि कापड दोन्ही मंद राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच कापडांत आणि धाग्यांत उजळपणा आणणारी रसायने असतात, ती या दिव्यात निळसर पांढरी पेटतात. या चाचणीवर एकटीवर मात्र विसंबू नये. जुने कापड आजच्या साबणाने धुतले तरी पेटते. मला जास्त भरवशाचा वाटला तो एक ओरखडा. होहेनझोलर्न क्रॉसच्या उजव्या भुजेवर, पांढऱ्या मीनाकामात, नखाएवढी कमानदार रेघ होती. पट्टी उभी धरून हळूच हलवली की शेजारच्या फ्रीडरिख ऑर्डरच्या तलवारीचे टोक बरोबर त्या कमानीवरून जाई. हे दोन क्रॉस वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी झुलल्याशिवाय अशी रेघ पडत नाही. त्याच भुजेच्या टोकाला कणभर टवका उडाला होता. तुटलेली कड शिंपल्यासारखी गोलसर होती, म्हणजे भट्टीत भाजलेली खरी काच. स्वस्त नकलांवर लाखेसारखा रंग असतो, तो टवक्याने उडत नाही, नुसता खरवडला जातो.

फोटोतही तोच क्रॉस होता. पट्टीवर चारच चिन्हे होती, शेवटचे पदक अजून यायचे होते, म्हणजे फोटो १९३४ नंतरचा, पण ते पदक मिळण्याआधीचा. त्यात होहेनझोलर्न क्रॉसचा मुकुट डावीकडे थोडा कललेला दिसतो. आज हातातल्या पट्टीवरही तो तसाच कललेला आहे.

तर मग एका माणसाकडे दोन क्रॉस का?

याचे उत्तर कुठल्या फाइलीत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ताई सहज म्हणून दोन्ही क्रॉसचे फोटो घेऊन वृद्धाश्रमात गेल्या. सासूबाईंनी चष्मा लावला, दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "डबीतला राजाचा. पट्टीवरचा आमचा. डबीतल्याला हात लावायचा नाही, तो परत द्यायचा असतो, असं बाबा सांगायचे."

त्या एका वाक्यात व्यापाऱ्याच्या दोन्ही शंकांचे उत्तर होते. प्रशियाच्या ऑर्डरी धारकाच्या मृत्यूनंतर बर्लिनच्या जनरल-ऑर्डेन्स-कोमिसिओनकडे परत कराव्या लागत, हा नियम खराच. म्हणूनच अनेक अधिकारी मिळालेला क्रॉस जपून ठेवत आणि रोजच्या वापरासाठी पदरच्या पैशाने दुसरा विकत घेत. असे खासगी क्रॉस त्याच काळात, परवानगीने, सराफांकडे तयार होत आणि बरेचदा थोडे हलके असत. संग्राहक त्यांना जोड-नमुना म्हणतात. नक्कल नव्हे. आणि हे गृहस्थ वारले तेव्हा परत घ्यायला राजाही नव्हता आणि ते कार्यालयही नव्हते. 'राजाचा' क्रॉस म्हणून तो डबीतच राहिला.

स्वस्तिकाचा प्रश्न

दिरांचे म्हणणे होते की शेवटचे पदक काढून टाकू आणि मगच पट्टी कोणाला तरी देऊ. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. आजोबांच्या नावाशेजारी ते चिन्ह त्यांना बघवत नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने असे पदक घरात ठेवणे जर्मनीत गुन्हा नाही. दंडसंहितेच्या ८६ अ कलमाप्रमाणे बंदी आहे ती अशी चिन्हे लोकांसमोर मिरवण्यावर, आणि इतिहास, संशोधन, शिक्षण यांसाठी तिला अपवाद आहे. म्हणूनच लिलावाच्या यादीत अशा पदकांच्या फोटोवर मधल्या भागी चिकटपट्टी लावलेली दिसते. १९५७ च्या कायद्यानंतर युद्धातली पदके स्वस्तिक वगळलेल्या नव्या रूपात लावता येऊ लागली. पण इथे प्रश्न कायद्याचा नव्हताच.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दादा, माझ्या दारावर दिवाळीला मी स्वस्तिक काढते. पहिल्या वर्षी शेजारणीने बेल वाजवून विचारलं होतं की हे काय आहे. तिला समजावताना मला रडू आलं. हे ते नाही, हे मी इथे सगळ्यांना सांगते. पण म्हणून आजोबांच्या पट्टीवरचं खोटं कसं करायचं?"

जर्मनमध्ये त्या चिन्हाला हाकेनक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे हुकांचा क्रॉस. मीही मराठीत तोच शब्द वापरत जावा असे मला त्या दिवसापासून वाटते. या लेखात वाचकाला पटकन कळावे म्हणून 'स्वस्तिक' लिहिले आहे.

माझा सल्ला पदक काढू नये असा होता. पट्टी मागून एकाच धाग्याने शिवलेली होती. म्हणजे १९३८ नंतर मास्तरांनी ती मुद्दाम नव्याने शिवून घेतली, आणि राजाने दिलेल्या क्रॉसच्या रांगेत त्या राजवटीचे पदक स्वतःच्या संमतीने बसवले. सरकारी नोकरीची २५ वर्षे भरलेल्या माणसाला ते मिळतच होते, त्यात पराक्रम नव्हता. पण ते लावायचे त्यांनी ठरवले. ते आज उसवले, तर पुढच्या माणसाला १९१८ चा शूर लेफ्टनंट तेवढा दिसेल आणि १९३८ चा मास्तर दिसणार नाही. अर्धे दाखवणे हा मला आजोबांवरही अन्याय वाटतो आणि त्या राजवटीने ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त केले त्यांच्यावरही. दिरांनी दोन दिवस घेतले आणि होकार दिला. एक अट घातली: पट्टी कोणाच्या दिवाणखान्यात लटकता कामा नये.

काय ठरले, काय झाले

या अटीमुळे संग्रहालय हीच वाट उरली. मास्तर ज्या गावात शिकवत होते तिथल्या छोट्या संग्रहालयाने पट्टी, फोटो, पत्रे, फाइलीची प्रत आणि पॉलिश केलेला लोखंडी क्रॉससुद्धा दान म्हणून घेतला. देणाऱ्याच्या करारात दोन ओळी आम्ही हट्टाने घालून घेतल्या: पट्टी उसवायची नाही, आणि संच वेगवेगळा करून कोणाला द्यायचा नाही.

डबीतल्या क्रॉसच्या बाबतीत मी हरलो. वृद्धाश्रमाच्या सुरुवातीच्या खर्चासाठी पैसे हवे होते, आणि संग्रहालयाकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. तिन्ही भावंडांचे एकमत झाले की तो विकायचा. इंटरनेटवरच्या माणसाला न देता एका लिलावात द्यायचा आणि सोबत फाइलीतल्या पानाची प्रत जोडायची, एवढी तडजोड मी मिळवली. तो १,३५० युरोला गेला. कमिशन वजा जाता हातात आलेली रक्कम कुटुंबाच्या गरजेला पुरेशी होती. मी त्यांना दोष देत नाही.

दीड वर्षाने दुसऱ्या एका लिलावाची यादी चाळताना मी थांबलो. होहेनझोलर्न नाइट क्रॉस, तलवारींसह, कडेवर ९३८ आणि डब्ल्यू, मूळ डबी. मुकुटाच्या उजव्या कमानीत एक बारीक डाग होता. माझ्या जुन्या फोटोंशी ताडून पाहिले, तोच क्रॉस होता. फाइलीच्या पानाची प्रत सोबत नव्हती. यादीत लिहिले होते: धारक अज्ञात.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिल्याच फोनवर सांगेन की कशालाही हात लावू नका, पॉलिश नको, पाणी नको, फडकेही नको. तेव्हा मी 'शनिवारी येतो' एवढेच म्हणालो होतो, आणि दिरांनी क्रॉस घासला तो शुक्रवारी.

दुसरे म्हणजे अभिलेखागाराच्या आधी वृद्धाश्रमात जाईन. फाइल शंभर वर्षे थांबली होती, आणखी चार आठवडे थांबली असती. नव्वदीची बाई थांबेलच असे नाही. आम्ही भिंग, दिवा, अर्ज यांत दोन आठवडे घालवले आणि ज्या बाईने तो डबा लहानपणी पाहिला होता तिला शेवटी विचारले, तेही सहज म्हणून. तिचे म्हणणे त्याच दिवशी लिहून, तारीख घालून तिची सही घ्यायला हवी होती. ते आम्ही पुढच्या महिन्यात केले. तोवर तिला 'राजाचा' हा शब्द आठवत होता, पण वडिलांनी तो कुठल्या प्रसंगी सांगितला ते आठवेनासे झाले होते. आधीच्या आठवड्यात तिने ते ताईंना सांगितले होते, आणि ताईंनी लिहून घेतले नव्हते.

तिसरे, कागदाची प्रत सुटी जोडून भागत नाही. विकताना क्रॉसचे वजन, मापे, दोन्ही बाजूंचे आणि प्रत्येक डागाचे फोटो, फाइलीचा क्रमांक हे सगळे एका पानावर घालायला हवे होते आणि ते पान लिलावाच्या छापील वर्णनातच यावे असा आग्रह धरायला हवा होता. प्रत हरवते. यादीत छापलेले शोधणाऱ्याला सापडते. आमच्या वेळी यादीत 'व्यक्तीशी संबंधित कागद सोबत' एवढेच छापले होते, आणि मी त्यावर समाधान मानले.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत जास्त सलते. संग्रहालयाकडे पैसे नाहीत हे ऐकून मी तिथेच थांबलो. स्टुटगार्टमध्ये या विषयात रस असलेले चार संग्राहक माझ्या ओळखीचे आहेत. आम्ही पाचांनी मिळून तो क्रॉस घेऊन संग्रहालयाला द्यावा, हे लिलाव संपेपर्यंत मला सुचलेच नाही. कुटुंबाला पैसेही मिळाले असते आणि दोन्ही क्रॉस एकाच कपाटात राहिले असते.

दुसऱ्या लिलावाच्या वेळी मी त्या कार्यालयाला माझे फोटो, फाइलीचा क्रमांक आणि सासूबाईंच्या सही केलेल्या निवेदनाची प्रत, कुटुंबाला विचारून, पाठवली. तीन दिवसांनी इंटरनेटवरच्या वर्णनात दुरुस्ती झाली. 'धारक अज्ञात'च्या जागी त्यांचे नाव, पायदळातला हुद्दा आणि मे १९१८ आले. आम्ही पाच जणांनी मिळून बोली लावली, पण दुसऱ्या कोणीतरी जास्त दिले. गावच्या संग्रहालयात पट्टीच्या शेजारी आता डबीतल्या क्रॉसचा माझा फोटो लावला आहे, आणि त्याच्याखाली नोंद आहे की मूळ क्रॉस खासगी संग्रहात आहे.